गोड्या पाण्याची परसबाग

बियाण्याच्या पाकिटावर खरीप, रब्बी आणि उन्हाळी असे तीन हंगाम छापलेले असतात. केळव्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावात परसबाग करणाऱ्याने ते जरूर वाचावेत, पण आपले वेळापत्रक पाण्याकडे बघून लावावे. इथे पावसाळ्यात पाणी झाडाच्या मुळाशी थांबू द्यायचे नसते, थंडीत ते बेताने आणि नेमाने द्यायचे असते, आणि उन्हाळ्यात ते खारे होऊ द्यायचे नसते. ही तीन कामे ज्याला जमली त्याच्या घरात बारा महिने ताजी भाजी असते. भाजी कोणती लावायची हा प्रश्न त्यानंतरचा.

पश्चिम रेल्वेच्या केळवे रोड स्थानकावर उतरून गावाकडे निघाले की भातशेती मागे पडत जाते आणि वाड्या सुरू होतात. नारळ, सुपारी, केळी, त्यांच्या सावलीत पानवेल, कुंपणाला शेवगा, आणि त्यापलीकडे सुरूचे बन आणि समुद्र. केळवे-माहीमचा हा पट्टा बागायतीसाठी जुना आणि नावाजलेला. इथल्या वाडवळ समाजाच्या हाताला वाडीची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. विकायची पिके वाडीत, पण घरच्या भाजीला जागा मिळते ती परसदारी, न्हाणीच्या मागे, विहिरीच्या काठाने. ही जागा फार मोठी लागत नाही. दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब, म्हणजे साधारण वीस चौरस मीटर जमीन चार-पाच माणसांच्या घराला पालेभाजी आणि बरीचशी फळभाजी देऊ शकते. अट एवढीच की एक तुकडा रिकामा झाला की दुसऱ्या पिकाची तयारी आधीच झालेली असावी.

मृग लागतो तेव्हा परसबागेत खायला काही नसते. उन्हाळी भाज्या संपलेल्या, नव्या बिया नुकत्या मातीत गेलेल्या. जून आणि जुलै हे दोन महिने यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताजी मासळीही कमी. या रिकाम्या दिवसांत बाजार भरतो तो डोंगराकडून आलेल्या भाज्यांनी. पालघर, बोईसर, सफाळ्याच्या बाजारात आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात आणि जुडीबरोबर काकडांची आंबट फळे देतात. ती फळे शोभेला नसतात. शेवळात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, ते घशाला टोचतात आणि खाज सुटते. काकडांचा आंबटपणा ती खाज मोडतो. अळवात चिंच घालायची ती त्याच कारणाने. पाठोपाठ टाकळा, कुरडू, कुलू, भारंगी आणि कंटोळी येतात. या भाज्या कोणी पेरत नाही, पाणी घालत नाही. परसबागेचे वर्ष जिथे सुरू होते तिथला पहिला महिना माळरानाचा आणि डोंगराचा असतो, आणि बाग करणाऱ्याने तो तसाच राहू द्यावा. त्या महिन्यात बायांकडून भाजी विकत घेणे हीच शहाणपणाची गोष्ट.

हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला पोहोचतो आणि ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. उत्तरेला केळव्यापर्यंत त्यात दोन-चार दिवसांचा फरक. या चार महिन्यांत इथे साधारण दोन मीटर पाऊस पडतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते हे तेव्हा विसरून चालत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू आत शिरणे जवळजवळ थांबते, कारण पाण्यातून तो हवेच्या मानाने सुमारे दहा हजार पट हळू पसरतो. एक-दोन दिवसांत मुळे गुदमरतात आणि पाण्यात उभे असलेले वांग्याचे झाड तहानल्यासारखे माना टाकते. नवखा माणूस ते पाहून आणखी पाणी घालतो. उपाय साधा आहे: गादीवाफे. आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वीतभर उंच वाफा, दोन वाफ्यांमध्ये चर, आणि चराचा उतार विहिरीकडे किंवा केळीकडे. रोहिण्यांत हे काम उरकलेले असावे. पाऊस सुरू झाल्यावर माती तुडवत वाफे करू गेले की तिचा चिखल होतो आणि तो वर्षभर घट्ट राहतो.

अळवाला मात्र हा नियम लागू नाही. त्याच्या देठांत आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, त्यांतून पानांकडची हवा खाली पोहोचते. म्हणून न्हाणीचे पाणी जाते तिथे अळू लावायची आपल्याकडची पद्धत बिनचूक आहे. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने अळवाची ‘कोकण हरितपर्णी’ ही जात दिली आहे. कारल्याची ‘कोकण तारा’, शिराळ्याची ‘कोकण हरिता’, पडवळाची ‘कोकण श्वेता’ आणि रताळ्याची ‘कोकण अश्विनी’ याही तिथल्याच. कोकणच्या दमट हवेत निवडून तयार झालेल्या या जाती घरच्या बागेला बाहेरून आलेल्या महागड्या संकरित बियाण्यांपेक्षा मला जवळच्या वाटतात. त्यातही एक गोष्ट मोलाची: त्यांचे बी किंवा बेणे घरी धरता येते.

पावसाळा हा मांडवाचा हंगाम. पडवळ, शिराळे, घोसाळे, कारले, दुधी, काकडी, सगळे वेल जमिनीवरून उचलून मांडवावर न्यावे लागतात, नाहीतर फळ मातीला टेकते आणि सडते. पडवळ सरळ वाढावे म्हणून टोकाला सुतळीने छोटा दगड बांधतात, ते दृश्य इथल्या अनेक परसदारी दिसते. वेलांच्या बाबतीत सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार एकच: फुले भरपूर येतात, फळ धरत नाही. त्यामागे दोन कारणे असतात. पहिले, सुरुवातीची फुले बहुतेक नरफुलेच असतात. मादीफूल मागून येते आणि त्याच्या देठाशी बोटभर लांबीचे इवले फळ आधीच दिसते. धीर धरावा. दुसरे कारण पावसाचे. सरीवर सरी पडत असल्या की मधमाश्या फिरत नाहीत आणि पराग भिजतो. अशा वेळी परागीकरण हाताने करावे. नरफूल तोडायचे, पाकळ्या मागे मुडपायच्या आणि मधला पिवळा दांडा मादीफुलाच्या मध्यावर हलकेच फिरवायचा. वेळ मात्र फुलाची पाळावी लागते. कारले, काकडी आणि भोपळा यांची फुले पहाटे उमलतात. घोसाळ्याचीही पहाटेच. पण त्याच्यासारखेच पिवळे फूल असलेले शिराळे संध्याकाळी उमलते, आणि दुधीही संध्याकाळी. पडवळाची झालरीची पांढरी फुले रात्रीची, पतंगांसाठी. शिराळ्याचा वेल दुपारी बघणाऱ्याला त्याचे काम कधीच दिसत नाही.

धरलेले फळ वाकडे होऊन गळू लागले तर ती फळमाशी. ती कोवळ्या फळात अंडी घालते, आतल्या अळ्या फळ पोखरतात. औषध मारून उपयोग नाही, कारण अळी आत सुरक्षित असते आणि घरच्या भाजीवर विष का मारावे? गळलेली फळे रोज वेचून खोल पुरावीत किंवा पाणी घालून बंद पिशवीत सडवावीत. उकिरड्यावर टाकली तर पुढची पिढी तिथेच तयार होते. दापोली विद्यापीठाचा ‘रक्षक’ सापळा मिळतो, त्यात वेलभाज्यांसाठी क्यू-ल्यूरचा आमिषगोळा ठेवतात. त्याच्या वासाने नरमाश्या येतात. आंब्याच्या सापळ्यातला मिथाइल युजेनॉलचा गोळा वेलांच्या माशीला चालत नाही. दुकानदाराकडून घेताना हे विचारून घ्यावे.

या हंगामातला खरा शत्रू मातीतला आहे. वांगी, टोमॅटो, मिरची यांची हिरवीगार झाडे एका दुपारी कोमेजतात आणि दोन दिवसांत मरतात. उबदार, दमट आणि आम्लधर्मी जमिनीत राहणाऱ्या जिवाणूमुळे हा मर रोग होतो. खात्री करायची तर खोड जमिनीजवळ कापावे आणि तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरावा. कापलेल्या टोकातून दुधासारखी पांढरी धार खाली उतरू लागली तर तो जिवाणूच. त्याला औषध नाही. झाड मुळासकट उपटून जाळावे आणि त्या जागी दोन-तीन वर्षे वांग्याच्या कुळातले काहीही लावू नये. चवळी, मका, पालेभाज्या लावाव्यात. जागा कमी असेल तर जात बदलावी. बंगळूरजवळच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने या रोगाला तोंड देणारी ‘अर्का केशव’ आणि ‘अर्का निधी’ ही वांगी तयार केली आहेत, टोमॅटोत ‘अर्का रक्षक’ आहे. भेंडीचा वैरी वेगळा, शिरा पिवळ्या करणारा विषाणू, आणि तो पांढऱ्या माशीबरोबर येतो. झोडपणाऱ्या पावसात ही माशी टिकत नाही, म्हणून पावसाळी भेंडी त्यातून पुष्कळदा निभावून जाते. उन्हाळ्यात मात्र मराठवाड्यातून आलेली ‘परभणी क्रांती’ किंवा ‘अर्का अनामिका’ लावलेली बरी.

गणपतीच्या दिवसांत वाल लावतात. तो लवकर लावून काही साधत नाही, हे शास्त्राने सांगण्याआधी शेतकऱ्याला ठाऊक होते. आपल्या अक्षांशावर २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांहून थोडा मोठा असतो आणि २२ डिसेंबरचा अकरा तासांच्या आसपास. वालाचा वेल हा फरक मोजतो. जुने गावठी वाल दिवस आखूड होऊ लागल्याशिवाय फुलावर येत नाहीत. जूनमध्ये पेरला तर वेल मांडव भरून टाकतो आणि ऑक्टोबरपर्यंत नुसती पाने देतो. उशिरा पेरलेला वेल जेवढ्यास तेवढा वाढतो आणि त्याच सुमारास फुलतो. मांडवाची सोय नसेल तर ‘कोकण भूषण’ ही वालपापडीची ठेंगणी जात आहे.

हस्ताचा पाऊस सरला की बागेचे काम उलटे होते. कालपर्यंत ज्या पाण्याला वाट काढून द्यायची त्याच पाण्याचा आता हिशेब ठेवायचा. किनाऱ्यावरची जमीन वाळूसर. तिच्यात पाणी चटकन जिरते आणि तितक्याच चटकन खाली निघून जाते, जाताना नत्रही घेऊन जाते. म्हणून एकदाच भरपूर पाणी आणि एकदाच भरपूर खत, ही घाटावरच्या काळ्या जमिनीची रीत इथे लावू नये. थोडे पाणी, पण नेमाने. थोडे शेणखत आणि पेंड, पण दर पंधरा-वीस दिवसांनी. मासळीचा कुटा हे किनाऱ्यावरचे जुने खत आहे आणि उत्तम आहे, फक्त तो खारवलेल्या मासळीचा असू नये.

वांगी, टोमॅटो, मिरची यांची रोपे सप्टेंबरअखेर आडोशाला तयार करून पाऊस थांबल्यावर लावावीत. मुळा, माठ, पालक, मेथी, कोथिंबीर नोव्हेंबरपासून थोडी थोडी, दर पंधरवड्याला, म्हणजे एकदम जुडगे येऊन वाया जात नाही. धणे पेरण्याआधी चपलेखाली हलके रगडून दोन फाकी कराव्यात; एका धण्यात दोन बिया असतात. मुंबईच्या आजूबाजूला किनाऱ्याच्या वाळूत जी समुद्रमेथी करतात ती वेगळी मेथी नव्हे, तीच मेथी पंधरवड्याच्या आत इवल्या पानांवर उपटलेली. ज्याच्या अंगणात नुसती वाळू आहे त्याने तिच्यापासून सुरुवात करावी.

समुद्राच्या शेजारामुळे इथली थंडी सौम्य असते. नाशिककडे जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, तशी रात्र केळव्याला क्वचितच अनुभवायला मिळते. त्याचा परिणाम फुलकोबीवर होतो. उशिराच्या जातींना गड्डा धरायला कडक थंडी हवी असते, ती मिळाली नाही तर झाड पानेच काढत बसते. ‘पुसा दीपाली’सारख्या लवकरच्या जाती वीस ते पंचवीस अंशांतही गड्डा धरतात, त्याच घ्याव्यात. टोमॅटोला मात्र ही सौम्य थंडी मानवते. त्याचे फूल फळात बदलायला रात्र साधारण पंधरा ते वीस अंशांची लागते, आणि नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत आपल्याकडे ती मिळते.

टोमॅटो, मिरची आणि रताळे ही तिन्ही अमेरिकेतून पोर्तुगीज काळात आपल्याकडे आलेली. केळव्याचा किल्ला बांधणाऱ्या पोर्तुगीजांचा अंमल या किनाऱ्यावरून १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत संपला, त्यांनी आणलेल्या भाज्या मात्र राहिल्या आणि वाडवळांच्या उकडहंडीत जाऊन बसल्या. डिसेंबर-जानेवारीत वालपापडी भरते, पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या कोनफळाचा वेल वाळून जमिनीखालचा जांभळा कंद काढायला येतो, रताळी तयार असतात, शेवग्याला शेंगा लागतात, वांगी कोवळी मिळतात. हे सगळे ओल्या खोबऱ्याच्या हिरव्या मसाल्यात घालून वाफेवर शिजवायचे, ती उकडहंडी. इतक्या भाज्या एकाच वेळी घरच्या जमिनीत तयार होण्याचा काळ वर्षात हाच एक आहे. परसबाग आखताना जूनमध्येच एका कोपऱ्यात कोनफळ लावून ठेवावे ते यासाठी.

होळीनंतर विहिरीचे पाणी चाखून बघावे. किनाऱ्याच्या गावांत जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगत असते. गोडे पाणी हलके, समुद्राचे सुमारे अडीच टक्के जड. हॉलंडमधल्या घायबेन आणि जर्मनीतल्या हर्झबर्ग या दोघांनी स्वतंत्रपणे याचा हिशेब मांडला: समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल तर खाली चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. ऐकायला हे सुखाचे वाटते, पण हिशेब उलट दिशेनेही तसाच चालतो. वरची पातळी एक मीटरने उतरली तर खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू बघते. जिथे उपसा होतो तिथे खारे पाणी खालून शंकूसारखे उचलले जाते. रहाट होता तेव्हा विहिरीतून पाणी गाडग्या-गाडग्याने, दिवसभरात हळूहळू निघत असे आणि बाजूचे गोडे पाणी भरून यायला अवधी मिळत असे. विजेचा पंप तेवढेच पाणी तासाभरात ओढतो. कूपनलिका तर थेट खालच्या थरात तोंड घालते. उपसा थोडा आणि उथळ ठेवणे हे किनाऱ्यावरच्या माणसाचे कर्तव्यच आहे, कारण आपली विहीर खारी झाली की शेजाऱ्याचीही होते.

खारे पाणी झाडाला कसे बाधते? मातीतले पाणी खारे झाले की मुळांना ते ओढून घ्यायला जास्त जोर लागतो. ओल असूनही झाड उपाशी-तहानलेले राहते. पुढे पानांच्या कडा करपतात. सगळ्या भाज्या सारख्या हळव्या नसतात. अमेरिकेतल्या रिव्हरसाइडच्या क्षार प्रयोगशाळेतले मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली पिकांच्या सोशिकतेचे तक्ते प्रसिद्ध केले आणि पुढे त्यांत भर पडत गेली. मातीतल्या पाण्याची विद्युतवाहकता मोजून ते ठरवतात. घेवडा एका एककाशीच हार मानतो, वांगी, मुळा आणि कांदा सव्वाच्या आसपास, विलायती पालक दोनपर्यंत टिकतो, टोमॅटो अडीचपर्यंत. चवळी मात्र जवळजवळ पाचपर्यंत उत्पन्न सोडत नाही. पाणी मचूळ लागू लागले की उन्हाळ्यात चवळीकडे वळावे, ते याच कारणाने. लाल माठ घ्यावा, भेंडी घ्यायची तर गोड्या पाण्यावरच. पाणी संध्याकाळी, मुळाशी द्यावे. पानांवर खारे पाणी शिंपडून ऊन लागले की पाने भाजतात. ओल्या आणि कोरड्या मातीच्या सीमेवर क्षार साचतात, म्हणून बुंध्यापुरते नव्हे तर वाफाभर सारखे भिजवावे. आणि माती उघडी ठेवू नये. नारळाच्या सोडणाचा चुरा, केळीची वाळकी पाने, सुरूच्या काड्या, जे हाती येईल त्याचे चार बोटे आच्छादन घालावे. बाष्पीभवन कमी झाले की वर येणारे मीठही कमी होते. साचलेले मीठ धुवायचे काम पुढे पाऊस करतो, फुकट आणि संपूर्ण. गादीवाफ्याच्या चरांनी त्याला वाट मिळाली पाहिजे, एवढेच.

आता एक साधे गणित. घराचे पन्नास चौरस मीटरचे छप्पर आणि दोन मीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर गोडे पाणी. वीस चौरस मीटरच्या बागेला उन्हाळ्यात दिवसाला पाच मिलिमीटर पाणी धरले तर शंभर लिटर लागते. मार्च, एप्रिल आणि मे मिळून नऊ हजार दोनशे लिटर. छपरावर पडणाऱ्या पाण्याचा दहावा हिस्साही नाही. सगळे साठवणे शक्य नाही, पण पाच हजार लिटरची टाकी भरून ठेवली तर पन्नास दिवसांची सोय होते, आणि उरलेले पन्हाळीतून वाळूच्या गाळणीमार्फत विहिरीत सोडले तर गोड्या पाण्याचा थर जाड होतो. ज्यांची घरे समुद्राच्या जवळ आहेत त्यांनी तरी हे करावेच. विहिरीच्या पाण्याचा नमुना मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा तपासून घ्या. डहाणू तालुक्यात कोसबाडच्या टेकडीवर कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे सल्ला विचारता येतो. मृगाआधी पन्हाळी दुरुस्त करा, टाकी धुऊन ठेवा आणि पहिल्या दोन सरींचे धुळीचे पाणी बाहेर सोडून मग ती भरून घ्या.